फियाटचं पाणी

लक्ष्मणराव देवगावकरांना गाडीशी बोलायची खोड होती. माणसांशी ते मोजकंच बोलत. जन्म कोर्टाच्या कचेरीत गेला, आणि तिथं बोलायचं काम वकिलांचं. पण सिडकोतल्या घराच्या फाटकात उभी असलेली पिस्ता रंगाची जुनी फियाट बाहेर निघायची झाली, की काठी टेकत ते व्हरांड्यात येणारच आणि लेकीला विचारणारच, "मनू, पाणी पाजलंस का तिला?" जसं काही दारात म्हैस बांधलेली आहे!

तसं विचारण्यात काही चूक नव्हती. ती गाडी होतीच पाण्याची हावरी. दौलताबादचा घाट चढायचा तर वाटेत एकदा तरी बॉनेट उघडावं लागे, वाफ जाऊ द्यावी लागे, फडक्यानं रेडिएटरचं झाकण फिरवून डिकीतल्या कॅनचं पाणी घालावं लागे. मनस्विनीचं अर्धं लहानपण त्या वाफेत गेलं. म्हैसमाळला जाताना घाटातल्या वळणावर गाडी थांबायची, आई सतरंजी टाकायची, दशम्या सुटायच्या, आणि नाना, म्हणजे लक्ष्मणराव, बाह्या सरसावून गाडीची समजूत काढत बसायचे. पुढचं सलग सीट, स्टेअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा, उन्हानं तापलेल्या रेक्झिनचा वास. पुढं आई गेली. मनस्विनीचं लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच. घरात बापलेक दोघं, आणि फाटकात गाडी. ती भंगारात द्यायची नुसती गोष्ट निघाली, तरी मनस्विनी विषय बदलायची.

पण ती कॉलेजात फिजिक्स शिकवायची. नुसतं गळा काढून बसणाऱ्यातली नव्हती. इंजिन धूर ओकतंय, सुटे भाग मिळत नाहीत, तर काढून टाका ते इंजिन. विजेची मोटार बसवा, बॅटऱ्या टाका, गाडी पुन्हा तरुण! किटची मान्यता, आरटीओचे कागद, सगळं तिनं खपून खपून जमवलं. शेजारी हसायचे. "अहो मॅडम, एवढ्या पैशात नवी येईल की!" येईल ना. पण नव्या गाडीच्या सीटवर आई कशी बसलेली दिसणार, हे शेजाऱ्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

"आणि नाना, एक फायदा बघा," ती म्हणाली. "आता हिला पाणी लागणार नाही. रेडिएटरच नाही, तर पाणी कसलं?"

नाना गाडीकडं बघत राहिले. "बघ बाई," ते म्हणाले. "तिची जन्माची सवय आहे."

गॅरेजला सोपवण्याआधी पेट्रोलवर एकदा पोटभर फिरवून आणावी, म्हणून श्रावणातल्या एका सकाळी ती खुलताबादकडं निघाली. एकटीच, कारण नानांचे गुडघे धरले होते. त्या वर्षीचा श्रावण नुसता पंचांगातला. ऑगस्ट कोरडा ठाक चालला होता. पडेगाव सोडलं की दोन्ही अंगांना मका उभ्यानं वाळलेली, आणि जिथं मका नव्हती तिथं नव्या प्लॉटिंगचे दगड रोवलेले. सिडकोत नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेही आलं तर आपलं म्हणायचं. टाकीत तळ दिसत होता. डिकीतला कॅन तिनं हलवून पाहिला, तर रिकामा. घरातलं पाणी गाडीला घालायचं तिच्या जिवावर आलं. बाटलीभर घेतलं, आणि व्हरांड्यातल्या नानांना "पाजलं हो, पाजलं" असं सांगून निघाली.

व्हायचं तेच झालं. घाटाच्या मधल्या वळणावर काटा लालवर गेला, बॉनेटमधून फुसफुस सुरू झाली आणि गाडी बसली. बाटली ओतली, ती आतल्या आत चर्र करून संपली. वर दरडीच्या अंगाला दहा-बारा घरांची वस्ती होती. मनस्विनी पायवाटेनं चढून गेली. पहिल्याच घराच्या उंबऱ्यात एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली. अंगावर हिरव्या काठाचं विटकं लुगडं.

"गाडी तापली व्हय?" तिनंच विचारलं.

"हो ना, मावशी. थोडं पाणी मिळेल का?"

म्हातारीनं आत वळून पाहिलं. आत एकच मोठा हंडा होता, तोंडाला लुगड्याच्या पदराचं गाळणं बांधलेलं. "टँकर परवा येनार हाय," ती म्हणाली. नाही म्हणण्यासाठी नव्हे; नुसतं सांगितलं. मग उठून तिनं हंडा कलंडवला, पितळेची एक कळशी गच्च भरली आणि मनस्विनीच्या हातात दिली. "कळशी तेवढी आना बाई माघारी. माझ्या लग्नातली हाय."

"आत्ता आणते, मावशी. ही गेले नि आले."

पण खाली येते तो गाडीमागं सहलीची बस येऊन थांबलेली, आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला. "ओ मॅडम, हलवा की! घाट काय इकत घेतला का?" मनस्विनीची भंबेरी उडाली. कळशीचं पाणी घटाघट रेडिएटरमध्ये ओतलं, रिकामी कळशी डिकीत कोंबली आणि गाडी काढली. त्या अरुंद घाटात पुढं थांबायला जागा नव्हती. येताना देऊ, असं ती मनाशी म्हणाली.

येताना ती तिथूनच आली. वळण दिसलं, वस्ती दिसली, आणि एकदम आठवलं, अगं बाई, रिकामं भांडं कसं द्यायचं? आईनं लहानपणापासून बजावलेलं, कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, दोन दाणे तरी साखरेचे घालावेत. तिच्यापाशी काहीच नव्हतं. त्यापेक्षा गाडी विजेची झाली की तीच घेऊन येऊ, पेढे घालून देऊ, म्हातारी खूश होईल. विचार मोठा देखणा होता. खरं तर शेंगा फोडणाऱ्या त्या बाईसमोर उभं राहून ओशाळायचा तिला कंटाळा आला होता. वळणावर तिनं ब्रेकसुद्धा दाबला नाही.

घरी नानांनी कळशी पाहिली. गळ्याशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, ते त्यांनी बोट फिरवून वाचलं. "आवडाबाई. कोण गं ह्या?"

"जुन्या बाजारात मिळाली, नाना. पितळ बरं वाटलं म्हणून घेतली."

"लग्नातली दिसते," नाना म्हणाले. "अशी भांडी विकतात म्हणजे वेळच तशी आली असेल कुणावर."

मनस्विनी चहा ठेवायला आत निघून गेली.

चिकलठाण्याच्या रामकिसन मिस्त्रीनं गाडी होळीच्या सुमाराला दिली. काम झकास केलं होतं. इंजिन आणि रेडिएटरच्या जागी मोटार आणि बॅटऱ्यांची पेटी, डिकीत आणखी एक पेटी, बाजूला थोडा कोपरा मोकळा. "मीटरमधला गरमीचा काटा तसाच ठेवलाय, ताई," रामकिसन म्हणाला. "वायरी तोडल्यात. नुसता शोभेला." तिलाही तेच हवं होतं. गाडी घरी आली तशी तिनं कळशी त्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, जिथं पूर्वी नानांचा कॅन असायचा. येत्या रविवारी पेढे घेऊन घाटात जायचंच, असं ठरवून टाकलं. रविवार आला आणि गेला. मग दुसरा.

पहिल्यांदा ती गाडी घेऊन जालना रस्त्यानं शेंद्र्यापर्यंत जाऊन आली. आवाज नाही, धूर नाही, गाडी लोण्यासारखी पळाली. फक्त परतीच्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, की तो शोभेचा काटा हळूहळू वर चढतोय. विमानतळाशी अर्ध्यावर, सिडको चौकाशी लालच्या कडेला. धक्क्यानं हलत असेल, ती मनाशी म्हणाली. घराच्या फाटकात शिरताना तो एकदम खाली येऊन बसला.

चार्जिंगची केबल काढायला तिनं डिकी उघडली. कळशी काठोकाठ भरलेली होती.

डिकीचा तळ कोरडा होता. एवढे गतिरोधक, एवढे खड्डे, आणि एक थेंब सांडलेला नाही. तिनं बोट बुडवलं. पाणी गार होतं.

रामकिसनला फोन लावला. तो हसायलाच लागला. "मी कशाला भरू ताई? माझ्याच गॅरेजला जार इकत घ्यावा लागतो."

दुसऱ्या दिवशी तिनं कळशी पुसून कोरडी केली, डिकीला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि गाडी कॅनॉटच्या बाजारापर्यंत एक चक्कर मारून आणली. काटा चढला, फाटकात उतरला. कुलूप उघडलं, तर कळशी भरलेली. दव, वाफ, गळती, सगळी गणितं तिनं कागदावर मांडली. एकही जुळेना. मग माणूस जे करतो तेच तिनं केलं. कागद फाडून टाकला आणि पाणी कुंड्यांना घातलं.

आधी कुंड्यांना. मग कूलरमध्ये. मग भांड्यांना. चैत्र लागला, ऊन मी म्हणायला लागलं, नळाचा दिवस हुकायला लागला, टँकरवाले फोन उचलेनात. मग एक दिवस चहाला. नाना भुरका मारून म्हणाले, "आज पाणी कुठलं गं? डोंगराकडचं लागतंय." ती म्हणाली, "जार बदललाय." पाणी आयतं मिळायला लागलं की माणूस ते कुठून येतं हे विचारायचं थांबतो, शिकलेला असो की अडाणी. पुढं पुढं तर गाडी फिरवायला म्हणून निघायचं ते निमित्तच उरलं. संध्याकाळी उन्हं उतरली, की पोरं जशी हंडा घेऊन निघतात तशी ती फियाट घेऊन निघायची.

एकदा कळशीतल्या पाण्यावर हिरव्या सुताचा धागा तरंगताना दिसला. तिनं तो बोटानं काढला आणि मोरीत सोडला. चहा केला.

धुणंभांड्याला सुरेखा यायची. तोंडाची फटकळ, मनानं साफ. तिचं माहेर घाटावरच्या वस्तीचं. चैत्रातच ती दोन दिवस माहेरी जाऊन आली, आणि ओट्याशी भांडी घासता घासता तोंड सुरू झालं. नाना जेवणाच्या टेबलाशी ताक पीत बसलेले.

"लई वंगाळ दिवस आलेत, ताई. आमच्या वस्तीवर एक म्हातारी हाय, एकटी राहती. तिच्या हंड्यातलं पानी आपुआप कमी व्हतंय! टँकर येतो, ती भरती, आन सांजच्याला पाहावं तर हंडा उतरलेला. गळत बी नाय, कुनी चोरत बी नाय. वस्तीवाले म्हनत्यात, तीच इकती हाटेलवाल्यांना. भांडनं झाली. आता टँकरला तिला सगळ्यात शेवटी हुबं करत्यात. उरलं तर मिळतं, नाय तर नाय."

मनस्विनीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. "कधीपासून?"

"शिमग्यापासून म्हनत्यात. बिचारी आवडाबाई. दुसऱ्याच्या वाटचं पानी घेनारी बाई नाय ती, ताई. मी तिच्या मांडीवर खेळलेली."

नानांनी ताकाचा पेला खाली ठेवला. ते मनस्विनीकडं बघत होते. रागानं नाही. रागावले असते तर परवडलं असतं. ज्या लेकीला त्यांनी पन्नाशीला आणलं, तिला ते जणू आज पहिल्यांदा बघत होते, इतकंच. मग त्यांनी पाण्याचा तांब्या दूर सारला आणि पेला पालथा घातला.

 मनस्विनीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ती फिजिक्स शिकवणारी बाई, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास कसा बसणार, हे खरं. पण विश्वास बसायची गरजच कुठं होती? नुसतं पाणी वापरणं थांबवायचं होतं. कळशी परत करायची होती. एवढंच.

पण त्या रविवारी जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींचा मेळावा होता, क्रांती चौकात. विजेवरची फियाट शहरात ही पहिलीच, म्हणून तिला मुद्दाम बोलावलेलं. नाव छापून झालेलं, पेपरवाले येणार. आणि गाडीवर बोटभर धूळ. टाकी कोरडी. जार एकच, तो पिण्यापुरता.

हे एकदा होऊ दे, ती स्वतःशी म्हणाली. मग लगेच देऊन येईन.

सकाळी तिनं गाडीला एक चक्कर मारली. डिकी उघडली. कळशीतल्या पाण्यात फडकं बुडवून तिनं गाडी पुसायला घेतली. आधी बॉनेट, मग दारं, मग चाकांच्या तबकड्या. मातकट पाणी फरशीवरून वाहत फाटकाबाहेर गेलं. उरलेलं काचेवर ओतलं. पिस्ता रंग असा उजळला, की आईनं घासलेली भांडी आठवावीत. नाना व्हरांड्यात येऊन उभे होते. गाडी निघाली तरी त्यांनी काही विचारलं नाही. "पाणी पाजलंस का?" हे त्यांनी विचारलं नाही, असं त्या घरात पहिल्यांदाच झालं.

मेळाव्यात तिचं खूप कौतुक झालं. लोकांनी बॉनेटमध्ये डोकी घातली, सेल्फी काढले. एका वार्ताहरानं विचारलं, "मॅडम, सगळ्यात मोठा फायदा काय?" आणि तिच्या तोंडून पाठ केलेलं वाक्य निघून गेलं, "आता हिला थेंबभरही पाणी लागत नाही. दुष्काळी भागाला ह्याहून काय हवं?" टाळ्या पडल्या. तिनं बॉनेट खाडकन लावून टाकलं.

सोमवारी पेपरात फोटो आला. चकाकती गाडी, हसरी मनस्विनी, खाली तेच वाक्य. नानांनी तो वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"चल," ते म्हणाले. "मी येतो. त्या बाईचं भांडं देऊन येऊ. आणि रिकामं नको."

तिनं कॉलेजात रजा टाकली. दोन मोठे जार विकत आणले. एकातलं पाणी कळशीत भरून कळशी डिकीच्या कोपऱ्यात ठेवली, दुसरा सीलबंद जार मागच्या सीटवर. आईच्या नावाच्या स्टीलच्या डब्यात पेढे घेतले. नाना पुढच्या सलग सीटवर, आईच्या जागी बसले.  मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबादच्या वेशीची कमान. उन्हात किल्ल्याचा डोंगर पांढरा पडला होता.

काटा शरणापूरलाच अर्ध्यावर होता. कमानीतून बाहेर पडताना तो लालला टेकला.

"हा कशाचा वास?" नाना म्हणाले.

रेडिएटरच्या वाफेचा होता. गंजलेल्या, गरम पाण्याचा. लहानपणचा. ज्या वासासाठी तिचा जीव तुटायचा, तोच वास गाडीत भरला होता, आणि तिला काच उघडायची घाई झाली.

मधल्या वळणावर गाडी थांबली. बॅटरी भरलेली दाखवत होती, मोटार गार होती. गाडी मात्र जागची हलेना.

मनस्विनीनं मागं वळून पाहिलं. सीटवरच्या जारचं सील जसंच्या तसं होतं. आत पाणी नव्हतं. प्लास्टिकला आतून चार थेंब चिकटलेले.

डिकी उघडली. कळशीही कोरडी.

"नाना, सावलीत बसा, मी आले."

"मी इथंच बरा," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "तू जा. सगळं सांग तिला."

ती रिकामी कळशी आणि पेढ्यांचा डबा घेऊन पायवाटेनं चढली. म्हातारी उंबऱ्यात होती, त्याच हिरव्या काठाच्या लुगड्यात. फक्त अंगातलं मांस उतरलं होतं, आणि ओठांना भेगा पडल्या होत्या. कळशी बघून तिचा चेहरा उजळला.

"आल्या का! मी म्हनलंच व्हतं वस्तीवाल्यांना. ते म्हनायचे, चोरून नेली. मी म्हनलं, नाय रं, चांगल्या घरची बाई हाय. आनून देईल."

मनस्विनीनं कळशी नि पेढ्यांचा डबा तिच्यापुढं ठेवला, पण मान वर होईना. "मावशी, मी... तुमच्या हंड्यातलं पाणी..."

"ते व्हय? कुनी तरी सांगितलं वाटतं." म्हातारीनं हंड्यात हात घालून दाखवलं. "रोज एवढंच जातंय बगा. इथून इथवर. ह्या कळशीच्या मापाचं." ती हसली. "मी म्हनलं, जाऊ दे. कुनाला तरी तहान लागत आसल."

"मावशी, ते आम्हीच..."

"पानी घ्या आधी. उन्हाच्या आलात."

हंड्याच्या तळाशी वाटीभर पाणी होतं. म्हातारीनं तेच पेल्यात दिलं. नको म्हणावं तर तिचा अपमान, घ्यावं तर काय घ्यावं! मनस्विनी प्यायली. तीच चव होती. आणि सांगायचं होतं ते त्या घोटाबरोबर आत गेलं ते बाहेर आलंच नाही.

म्हातारीनं पेढे ताटलीत काढून एका पोराहाती शेजारच्या लीलाबाईच्या घरी पाठवले. रिकामा डबा घेऊन म्हातारी आत गेली. आतून पाण्याचा आवाज आला. हंडा तर रिकामा झाला होता, तरी आला. ती बाहेर आली तेव्हा डबा काठोकाठ भरलेला होता.

"नको, मावशी! हे नको!"

"रिकामा डबा देऊ व्हय? माझ्या सासूनं शिकवलं नाय तसं. दुसरं काय हाय घरात?"

मनस्विनीनं डबा घेतला, आणि म्हातारी वळताच उंबऱ्यापाशी ठेवून खाली पळाली. अक्षरशः पळाली.

गाडीत नाना सीटला डोकं टेकून बसले होते. ओठ पांढरे. तिनं किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काटा लालच्याही पलीकडं खिळलेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"सांगितलंस?" नानांनी डोळे न उघडता विचारलं.

तिनं तिसऱ्यांदा किल्ली फिरवली.

खिडकीवर टकटक झाली. म्हातारी होती. धापा टाकत उतरून आलेली, दोन्ही हातांत डबा. "बाई, इसरला की!" मग तिनं बॉनेटवर हात फिरवला. "ही तीच नव्हं? पानी प्यायची ती?"

"आता नाही पीत," मनस्विनी म्हणाली.

"व्हय?" म्हातारी म्हणाली, आणि डबा खिडकीतून आत धरला.

मनस्विनीनं काट्याकडं पाहिलं. नानांकडं पाहिलं. मग खाली बघत हात पुढं केला आणि डबा घेतला.

काटा खाली आला. गाडी आवाज न करता निघाली.

तिनं ती वळवून शहराच्या बाजूला घेतली. आरशात म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी होती, हात हलवत, पाहुणी निघाली की हलवतात तसा. मांडीतल्या डब्याकडं मनस्विनी बघत नव्हती. पण तो हलका होत चालला होता, हे मांडीला कळत होतं.

पुढच्या वळणापाशी काटा पुन्हा उचलला.

त्या वळणावर एक तरुण बाई डोक्यावर भरलेला हंडा घेऊन रस्त्याच्या कडेनं येत होती. गाडी बघून ती थांबली. नानांनी तोंड दुसऱ्या बाजूला फिरवलं.

गाडी हळू झाली. मनस्विनीचा पाय ब्रेकवर नव्हता.

पण काच खाली करणारा हात तिचाच होता.